बडोद्यातली आमची घरशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दांडिया बाजारालगत एका जुन्या वाड्यात राहतो. घरात मी, मुलांचे बाबा, सासूबाई आणि दोन मुलं: थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. दोघंही शाळेत जात नाहीत. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, फोनवर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मुलांची आणि शेजाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मुलांना शाळेतून का काढलं?

थोरली पहिली संपेपर्यंत शाळेत होती. धाकट्याला घातलंच नाही. शाळेत तिला काही त्रास नव्हता, बाई प्रेमळ होत्या. हे आधी सांगायला हवं, कारण शाळेवरच्या रागातून आम्ही हे केलं असं अनेकांना वाटतं. आमचं कारण वेळेचं होतं आणि माणसांचं होतं. सकाळी व्हॅन, दुपारी व्हॅन, मग गृहपाठ, मग ट्यूशन, आणि रात्री जेवताना ती पेंगायची. वाड्यात खालच्या खोल्यांत तबला शिकवणारे काका राहतात. समोरच्या पोळातल्या (पोळ म्हणजे एका गल्लीतली जुनी वस्ती) एक बा, म्हणजे गुजराती आजी, अजून हाताने गोधड्या शिवतात. घरात आजीला रामरक्षेपासून लोणच्याच्या मसाल्याच्या प्रमाणापर्यंत सगळं तोंडपाठ आहे. यांतल्या कुणाहीजवळ निवांत बसायला पोरीला सवड नव्हती. आम्ही तिघं मोठे यावर वर्षभर बोलत राहिलो. सासूबाईंनी आधी ठाम नाही म्हटलं, मग ‘माझ्यावर काय काय सोपवणार ते सांगा’ असं विचारलं, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे: जवळपास शाळा उपलब्ध करायची, मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होतंय हे बघायचं. दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. घरशाळेचा उल्लेख कायद्यात कुठेच नाही, परवानगी म्हणूनही नाही आणि बंदी म्हणूनही नाही.

म्हणून ‘शंभर टक्के कायदेशीर आहे, बिनधास्त करा’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका आणि ‘उद्या पोलीस येतील’ म्हणणाऱ्याला घाबरूही नका. मूल काय शिकतंय याची नोंद मात्र चोख ठेवा. आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक फाइल आहे. महिन्यात काय वाचलं, काय केलं, वह्यांतली निवडक पानं, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला कुणी शिक्षिका दारात आल्या तर त्यांना घरात बसवून, पाणी देऊन ती फाइल दाखवायची आणि मुलांशी बोलू द्यायचं. त्या उन्हातान्हात फिरून करतात ते काम फार मोलाचं आहे. खरोखर शिक्षणापासून तुटलेली मुलं त्यांच्यामुळेच सापडतात.

सयाजीरावांच्या गावात राहून मुलांना शाळेत घालत नाही?

हा प्रश्न बहुतेक मराठी मंडळींकडून येतो, आणि मला तो सगळ्यात योग्य प्रश्न वाटतो. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात लागू केलं. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काही नव्हतं.

तो दंड कुणासाठी होता? मुलाला गुरांमागे धाडणाऱ्यासाठी, मुलीला चुलीशी बसवणाऱ्यासाठी. शिक्षण नाकारणाऱ्यासाठी. आम्ही शिक्षण नाकारत नाही, पण एवढं म्हणून आम्हाला सुटता येत नाही, असं मला वाटतं. ज्यांना शाळेचं दारच बंद होतं त्यांच्या दृष्टीने बघितलं तर शाळेत न जाणं ही चैन आहे. सयाजी बागेत गेलो की आम्ही संकल्पभूमीचा विषय मुलांपुढे काढतोच. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले बाबासाहेब आंबेडकर शिकून नोकरीवर बडोद्यात रुजू झाले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. २३ सप्टेंबर १९१७ ला ते याच बागेत एका झाडाखाली बसले होते आणि अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी तिथे केला, म्हणून ती जागा संकल्पभूमी. आपल्याला सगळी दारं उघडी असल्यामुळे आपण एक दार निवडत नाही, ही गोष्ट मुलांना कळायलाच हवी. ती कळली तर ती गावाचं देणं लागतात हेही कळेल. आमच्या घरशाळेचा पाया कुठला, असं विचारलंत तर हाच.

काही जण उलट आमची बाजू घेऊन सांगतात की खुद्द सयाजीराव शाळेत गेले नव्हते. खरं आहे. कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मग एलियट साहेबांसारख्या शिक्षकाच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. पण ती सोय एका राज्याने केली होती. तिच्याशी आमची बरोबरी नाही. तसंच विनोबांचं. बडोद्यात वाढलेले, इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात तासन्‌तास वाचणारे विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. आपले दाखले त्यांनी आईसमोर चुलीत घातले होते. त्यांचं उदाहरण कृपया आमच्या बाजूने देऊ नका. आम्ही दाखले जपून ठेवणारी माणसं आहोत.

दिवस कसा जातो?

पक्कं वेळापत्रक नाही, पण शिस्त आहे. सकाळी उठल्यावर दोघांची कामं ठरलेली: धाकटा तुळशीला आणि कुंड्यांना पाणी घालतो, थोरली आजीच्या गोळ्या काढून ठेवते आणि पोहे किंवा उपमा करायला घेते. नाश्ता झाला की दोन-अडीच तास वहीचं काम. यात गणित रोज, भाषा रोज, बाकीचं आलटून पालटून. त्या वेळात फोन कुणाच्याच हातात नसतो, माझ्याही नाही.

अकराच्या सुमारास बाहेर पडायचं. आठवड्यातले काही दिवस ग्रंथालय, काही दिवस बाजारहाट, बँक, पोस्ट, एखादा दिवस संग्रहालय. सयाजी बागेतलं बडोदा म्युझियम १८९४ चं आहे. तिथे इजिप्तची ममी आहे आणि महीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. धाकट्याला दर वेळी तोच बघायचा असतो, आणि आम्ही त्याला दर वेळी तोच बघू देतो. कधी पाठीचे मणके मोजतो, कधी नुसतं चित्र काढतो. एकाच वस्तूकडे पुन्हा पुन्हा जाता येणं हा घरशाळेचा मोठा फायदा आहे. सहलीला आलेल्या मुलांची रांग त्याच्यासमोरून पाच मिनिटांत पुढे जाते, तेव्हा मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

दुपारी जेवून थोरली वाचते, धाकटा काहीतरी खोलतो आणि जोडतो. मी त्या वेळात माझं काम करते. साडेपाचला तालीम, म्हणजे आखाडा. रात्री बाबा आले की अगाशीत, म्हणजे गच्चीवर, गप्पा, आणि जेवणानंतर कुणीतरी मोठ्याने वाचायचं. महिन्यातले काही दिवस यातलं काहीच होत नाही. पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं, गणपती येतात, लोणच्याच्या कैऱ्या येतात. तेही दिवस धरायचेच असतात.

तुम्ही शिक्षक आहात का?

नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, बाबा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आम्हाला जे येत नाही ते दुसऱ्याकडून शिकायचं. तबला खालच्या काकांकडे, संस्कृत एका निवृत्त मास्तरांकडे, शिवण बांकडे, लेथ आणि व्हर्नियर कॅलिपर बाबांच्या वर्कशॉपमध्ये. मला वाटतं पालकाला विषय येण्यापेक्षा ‘हे मला येत नाही, चल विचारून येऊ’ हे वाक्य येणं जास्त गरजेचं आहे.

मुलं कुठल्या माध्यमात शिकतात?

बडोद्याच्या मराठी घरात हा प्रश्न फार नाजूक असतो. आमची चौथी पिढी इथे आहे. घरात मराठी, पोळात गुजराती, बाजारात दोन्हीची सरमिसळ, बातम्या हिंदीत, आणि पुढच्या शिक्षणाची पुस्तकं इंग्रजीत. शाळेत मूल घातलं की इंग्रजी माध्यम येतं, आणि दोन पिढ्यांत मराठी फक्त आरतीपुरती उरते. आजूबाजूच्या कितीतरी घरांत मी हे बघितलं आहे. पत्रिकेवर मराठी मजकूर छापतात आणि नातवंडांना तो वाचता येत नाही.

आम्ही वाचायला मराठीतून शिकवलं. नागरी आली की गुजरातीला वेगळं शिकवावंच लागलं नाही. मांडवीपासून गेंडीगेटपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत चालायचं, एवढ्यावर दोघंही वाचायला लागली. इंग्रजी थोडं उशिरा, सात वर्षांनंतर, गोष्टी ऐकवून. धाकट्याचं इंग्रजी स्पेलिंग अजून कच्चं आहे, त्याची आम्हाला घाई नाही. गणित दोन्ही भाषांत चालतं: बेरीज-वजाबाकी, लसावि-मसावि मराठीत, आणि आता थोरली बीजगणितासाठी इंग्रजी पुस्तकं वापरते.

पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि एनसीईआरटीची पुस्तकं दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही तिथे वाचता येतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना याहून मोठा खजिना नाही. आधी तो वापरा, मग महागडे संच विकत घ्यायचे का ते ठरवा.

मुलांना मित्र कसे मिळतात? ती एकलकोंडी होत नाहीत का?

दारात उभं राहून हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मागून बहुधा धाकट्याची चार मित्रमंडळी ‘येतोस का?’ म्हणून ओरडत असतात.

संध्याकाळची तालीम ही आमच्या मुलांची खरी मधली सुट्टी. बडोद्याला आखाड्यांची जुनी परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं इथल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात माहीत असतात. मुलं मल्लखांब करतात, लाठी फिरवतात. तिथे सहा वर्षांचंही मूल असतं आणि साठीतले आजोबाही असतात. एकाच वयाची चाळीस मुलं एका खोलीत, असं शाळेबाहेर आयुष्यात पुन्हा कधी होत नाही. तालमीत धाकट्याला त्याच्याहून मोठ्या मुलाने पकड शिकवली, आता तो त्याच्याहून लहानाला शिकवतो.

शिवाय या शहरात सणच इतके आहेत की मूल एकटं पडायला जागाच नाही. उत्तरायणात आख्खी पोळ अगाशांवर असते, उंधियो आणि जिलेबी या घरातून त्या घरात जाते. नवरात्रात वाड्याच्या चौकात संध्याकाळी भोंडला होतो आणि रात्री त्याच मुली चणिया-चोळी घालून गरब्याला जातात. गणपतीच्या दहा दिवसांत तर मुलं घरात फक्त झोपायला येतात.

दिवसाच्या वेळी मात्र त्यांच्या वयाची मुलं शाळेत असतात हे खरं आहे. अकरा ते चार गल्ली रिकामी असते. थोरलीला ते आता टोचतं. तिला एक जिवाभावाची मैत्रीण हवी आहे जिच्याशी दुपारी बोलता येईल, आणि मैत्रिणीला सातवीच्या क्लासमधून सवड नाही. याला आमच्याकडे उत्तर नाही. शहरातल्या आणखी दोन-तीन घरशाळावाल्या कुटुंबांना आम्ही भेटतो, पण मैत्री ठरवून होत नाही.

गणित आणि विज्ञान घरी कसं होणार?

गणिताची भीती लोकांना उगाच वाटते. मी दुकानदारांचे हिशेब लिहिते. जीएसटीची बिलं तपासायला थोरली माझ्याशेजारी बसते, त्यामुळे टक्केवारी तिला पुस्तकाआधी आली. सावलीवरून उंची काढायचा धडा आम्ही रावपुऱ्याच्या घड्याळाच्या टॉवरपाशी केला, रविवारी रहदारी नसताना. एक काठी उभी करायची, काठीची सावली मोजायची, टॉवरची सावली मोजायची, आणि प्रमाण मांडायचं. तिथला एक पानवाला भाई स्वतःहून फीत धरायला आला आणि त्याने स्वतःचं उत्तर वेगळं काढलं. मग दोघांची पडताळणी झाली.

विज्ञानात आमचा सगळ्यात मोठा विषय विश्वामित्री. पावागडाकडून येणारी ही नदी शहराच्या मधून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि तिचं पाणी खंभातच्या आखातात जातं. वरच्या अंगाला आजवा सरोवर, त्याचे ६२ दरवाजे. पाऊस आजव्याच्या वर पडला तर शहरात कडकडीत ऊन असतानाही नदी का चढते, हे एकदा समजलं की भूगोल, भौतिकशास्त्र आणि नगररचना एकदम सुरू होतात. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट मानतात. पावसाळ्यात मुलं रोज आजव्याची पातळी आणि नदीची पातळी आलेखावर मांडतात. दोन रेघांमध्ये किती तासांचं अंतर पडतं ते थोरलीने स्वतः शोधून काढलं.

याच नदीत मगरी आहेत, भर वस्तीत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आणि शहर एकमेकांशेजारी कसे राहतात, याचा अभ्यास करायला बडोद्याच्या मुलाला दूर जावं लागत नाही. पुलावरून दुर्बिणीने बघायचं, काठावर उतरायचं नाही, हा नियम धाकट्याला पाठ आहे.

रसायनशास्त्राचं घोडं मात्र अडतं. स्वयंपाकघरात लिंबू, सोडा, हळद यांच्या पलीकडे फार जाता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि ती आमच्याकडे नाही.

शेजाऱ्यांना, गावाला यातून काय मिळतं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. मला वाटतं घरशाळा करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. आमची मुलं इतक्या लोकांकडून फुकट शिकतात. बदल्यात काही गेलं नाही तर ती नुसती घेणारी मुलं होतील.

संस्कृत शिकवणाऱ्या मास्तरांची नजर अधू झाली आहे. थोरली त्यांच्याकडे गेली की आधी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, मराठीही आणि गुजरातीही, मग तिचा पाठ. पोळातल्या एकट्या राहणाऱ्या आज्यांची वीजबिलं, गॅसची नोंदणी, पेन्शनचे फॉर्म हे तिचं काम आहे. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे तिने सगळ्यांच्या फोनशेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे, आणि एका बांनी त्या कागदामुळे एक फसवा फोन ठेवून दिला. धाकटा फुलं आणून देणं, निरोप पोचवणं, पिण्याचं पाणी भरणं अशी कामं करतो आणि ती मनापासून करतो.

वाड्याच्या जिन्याखाली एक पुस्तकपेटी आहे. कुणीही पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं, नोंद नाही, दंड नाही. बडोद्याला ही कल्पना नवी नाही. बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावून सयाजीरावांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं तेव्हा खेडोपाडी फिरत्या पेट्यांतूनच पुस्तकं जात. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. मुलांना हे आधी दाखवलं आणि मग पेटी केली. पेटीतली गुजराती पुस्तकं मराठीपेक्षा लवकर जातात.

उत्तरायणाच्या दिवसांत सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवायचा नाही, कारण तेव्हा पक्षी थव्याने जातात-येतात. हे घरोघरी सांगायला मुलं जातात. दुसऱ्या दिवसापासून तारांवर, झाडांवर, गच्चीवर अडकलेला मांजा गोळा करायचा. मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः ओढाताण न करता बचावकेंद्राला फोन करायचा आणि खोक्यात अंधार करून ठेवायचा, एवढं त्यांना येतं.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. सखल भागांत दिवसचे दिवस पाणी होतं, वीज नव्हती, वस्तीत मगरी शिरल्या होत्या. पोळातल्या सगळ्या बायकांनी मिळून थेपले केले, कारण ते टिकतात. थोरली औषधांच्या याद्या लिहीत होती: कुणाला कुठली गोळी, किती दिवसांची उरली. धाकटा पाण्याच्या बाटल्या मोजत होता. त्या आठवड्यात वह्या उघडल्या नाहीत.

दहावीचं काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ साली सुरू झालेली ही केंद्राची संस्था आहे आणि तिची दहावी-बारावी इतर बोर्डांच्या बरोबरीची धरली जाते. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा. मराठीही घेता येते आणि गुजरातीही. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. पास व्हायला ३३ टक्के. काही गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर होतात.

थोरलीचा बेत मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला असा आहे. दोन विषय आधी, तीन नंतर. कागदपत्रं आणि तारखा यांच्यासाठी त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या माहितीवर फॉर्म भरू नका. काही कुटुंबं आयजीसीएसईकडे, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेकडे, जातात. ते चांगलं आहे, पण फी आमच्या आवाक्याबाहेर आहे.

पुढे इंजिनिअरिंग, मेडिकल?

एनआयओएसची बारावी पाच विषयांसह केलेल्यांना जेईई देता येते. मेडिकलचा रस्ता मुक्त विद्यालयाच्या मुलांसाठी बराच काळ वादात होता, आता तोही मोकळा झाला आहे. थोरलीला सध्या इमारतींच्या भिंतींवरची जुनी चित्रं जपण्याचं काम शिकायचं आहे. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघून हे डोक्यात शिरलं. टिकेल की बदलेल, बघू.

खर्च किती येतो?

पुस्तकांचा आणि शिकवण्यांचा खर्च शाळेच्या फीपेक्षा बराच कमी आहे. खरा खर्च म्हणजे एका माणसाचा पगार. मी पूर्ण वेळची नोकरी सोडली आणि घरून हिशेब लिहायला लागले. उत्पन्न कमी झालं. स्कूटर जुनीच आहे, सुट्टीत गावाला जातो, हॉटेलात क्वचित. हे ज्यांना परवडणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शाळेत जाणाऱ्या मुलालाही संध्याकाळची तालीम, रविवारचं ग्रंथालय आणि शेजारच्या बा मिळू शकतात.

मोबाईल, यूट्यूब?

घरात एक लॅपटॉप आहे, तो बैठकीच्या खोलीत. हवं ते बघायचं, पण सगळ्यांसमोर. एवढंच.

आई म्हणून तुम्हाला कंटाळा येत नाही?

येतो. दिवसभर मुलं भोवती असताना डोकं भणभणतं. आमची भांडणं होतात, आणि शाळेत जाणारं मूल जसं भांडण विसरून सहा तासांनी परत येतं तशी मोकळीक इथे नाही. त्यासाठी आठवड्यातली एक दुपार सासूबाई मुलांना घेऊन देवळात आणि आत्याकडे जातात आणि मी दार लावून झोपते. घरशाळेचा विचार करणाऱ्या जोडप्याने अभ्यासक्रमाआधी हे ठरवावं. वडिलांनी ‘मी कमावतो, तू शिकव’ असं म्हटलं तर पुढे जाऊ नका. आमच्याकडे गणिताची उजळणी, इतिहास आणि रविवारचा स्वयंपाक बाबांकडे आहे.

मुलाला पुन्हा शाळेत जायचं असेल तर?

जाऊ द्यायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्क असतो. शाळा सोडल्याचा दाखला नाही या कारणावरून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आम्ही दर वर्षी उन्हाळ्यात दोघांना वेगवेगळं बसवून विचारतो. थोरलीने मागच्या खेपेला उत्तर द्यायला आठवडा घेतला, आणि त्या आठवड्यात आम्ही तिला काही सुचवलं नाही.

आम्हालाही सुरू करायचं आहे. पहिल्या महिन्यात काय करावं?

काही विकत घेऊ नका. मुलाचं शाळेतलं नाव लगेच काढू नका, मोठ्या सुट्टीत करून बघा. चालत दहा मिनिटांच्या आत कोण कोण राहतं आणि कुणाला काय येतं याची यादी मुलाबरोबर करा: शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, निवृत्त नर्स, कीर्तनकार, इलेक्ट्रिशियन. जवळच्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. आजीआजोबांना आधी सांगा, नंतर नव्हे. आणि त्या यादीतल्या प्रत्येकासमोर आपलं मूल त्यांच्यासाठी काय करू शकेल तेही लिहा. ज्याच्यासमोर काहीच सुचत नाही त्याच्याकडे जाऊन विचारा.

तुमच्या घरी येऊन बघता येईल का?

येईल. दुपारी चारनंतर या, आधी फोन करून. मुलांची परीक्षा घेऊ नका. पाढे म्हणून दाखव, स्पेलिंग सांग, असं म्हणू नका. त्यांच्याशी तुमच्या कामाबद्दल बोला. तुम्ही काय करता हे धाकटा खोदून खोदून विचारेल, तेव्हा वेळ हाताशी ठेवून या.